साडेतीन हजारी

गाडीचा नाद असलेला माणूस आपल्या गाडीतली जवळपास प्रत्येक गोष्ट पाहुण्याला दाखवू शकतो. चकचकीत कार्ब्युरेटर आहे, एक्झॉस्टचा गडगडाट आहे, मागचे रुंद टायर आहेत, आणि बॉनेट उघडले की क्रोमच्या झाकणात पाहून भांगही पाडता येतो. दाखवता येत नाही तो टॉर्क कन्व्हर्टर. हा गोल, जड, कडेने वेल्ड केलेला पोलादी डबा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये कवचात बंद असतो. त्याचे दर्शन घ्यायचे तर आख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. जी वस्तू दिसत नाही तिच्याबद्दल बोलणे वाढते, आणि कन्व्हर्टरबद्दल बोलायला तर एक सोयीचा आकडाही तयार आहे: स्टॉल स्पीड. 'आपल्या गाडीला साडेतीन हजारांचा स्टॉल आहे' असे म्हटले की ऐकणारा मान डोलावतो, मग त्याला काही कळलेले असो वा नसो. माझे म्हणणे असे की सगळा घोळ या आकड्यानेच घातला आहे. रस्त्यावर चालवायच्या दमदार गाडीसाठी कन्व्हर्टर निवडताना तो सगळ्यांत आधी ठरवला जातो, आणि खरे पाहता तो सगळ्यांत शेवटी निघायला हवा. कारण तो मुळात कन्व्हर्टरचा एकट्याचा आकडाच नव्हे.

आपल्याकडे टॉर्क कन्व्हर्टर भेटतो तो नव्या गाडीच्या माहितीपत्रकात, एएमटी, सीव्हीटी आणि डीसीटी यांच्या रांगेत. सेल्समन नाव घेतो, आपण किंमत विचारतो आणि प्रकरण तिथेच मिटते. डब्याच्या आतली पाती किती कलती असावीत याची चिंता आपल्याला कोणी करायला लावत नाही. अमेरिकेत मात्र 1960-70 च्या काळातल्या शेव्हेल, मस्टँग, चार्जर अशा गाड्या जिवापाड सांभाळणारी मंडळी आहेत. कंपनीने दिलेला डबा काढून त्या जागी आपल्या पसंतीचा दुसरा बसवणे हा त्यांच्या संसारातला मोठा निर्णय असतो. या डब्यांची नावे काय असावीत? 'होलशॉट', 'ब्रेकअवे', 'स्ट्रीट फायटर', 'सॅटर्डे नाइट स्पेशल'. शनिवारच्या रात्रीसाठी खास डबा मिळतो, पण मंगळवारी सकाळी पावणेनऊला ऑफिसच्या वाटेवरच्या सिग्नलला उभे राहण्यासाठी खास असा डबा कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. गाडी मात्र बहुतेक वेळ मंगळवारातच असते.

डब्यात तेल असते आणि पात्यांची तीन चाके. पहिले चाक, म्हणजे पंप, इंजिनाबरोबर फिरते आणि तेल बाहेरच्या बाजूला फेकते. त्या तेलाच्या माऱ्याने समोरचे टर्बाइन फिरते, आणि टर्बाइन गिअरबॉक्सला फिरवते. दोघांच्या मध्ये स्टेटर नावाचे तिसरे छोटे चाक आहे. टर्बाइनमधून भलत्याच दिशेने परतणारे तेल वळवून पंपाला मदत होईल असे आत सोडणे, एवढेच त्याचे काम. या मदतीमुळे गाडी जागची हलताना टर्बाइनला इंजिनाच्या टॉर्कच्या साधारण दुप्पट टॉर्क मिळतो. पुढे दोघांचे वेग जवळ आले की स्टेटर मोकळा फिरू लागतो आणि दुपटीचा लाभ संपतो. ही करामत हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. 1905 मध्ये, श्टेटिनच्या व्हल्कन गोदीत काम करताना, त्याने तिचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी: वाफेचे टर्बाइन भरधाव फिरते, जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो, त्या दोघांचे जमवायचे होते. अमेरिकन मोटारीत ती रुळली 1948 च्या ब्युइक 'डायनाफ्लो'पासून, आणि तिथेही हेतू असा की चालवणाऱ्याला क्लच दाबावा लागू नये आणि गिअर बदलल्याचा धक्का मागे बसलेल्या मंडळींना जाणवू नये. जहाजासाठी जन्मलेली, आरामासाठी वाढलेली ही चीज शर्यतीच्या नादात पडली ती पुढच्या पिढीच्या संगतीने.

आता तो आकडा. गाडी ब्रेकवर घट्ट धरली, टर्बाइन जागचे हलू दिले नाही आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन एका मर्यादेपर्यंत फिरते आणि तिथे अडते. ते जिथे अडते तो स्टॉल स्पीड. कंपनीतून येणाऱ्या जुन्या व्ही-एट गाड्यांत तो 1600-1800 आरपीएमच्या आसपास असे, आणि साध्या इंजिनाला तेवढा पुरतो, कारण त्याचा जोर खालीच असतो. इंजिनात मोठे कॅमशाफ्ट घातले की जोर वर सरकतो. दोन हजारांच्या खाली इंजिन नुसते खोकते आणि तीन हजारांवर जागे होते. अशा इंजिनाला सुटतानाच वरच्या फेऱ्यांत जाऊ देणारा, म्हणजे ढिला, कन्व्हर्टर लागतो. इथपर्यंत सगळे बरोबर आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर, 'मग 3500 चा द्या' म्हणताना.

कारण अडण्याची जागा डबा एकटा ठरवत नाही. पंपाला फिरवायला लागणारा टॉर्क फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इंजिनाचा टॉर्क जिथे कमी पडतो तिथे ते अडते. म्हणजे तोच डबा जोरकस इंजिनामागे जास्त वर अडेल आणि अशक्त इंजिनामागे खालीच. 400 न्यूटन-मीटर देणाऱ्या इंजिनामागे 2500 ला अडणारा कन्व्हर्टर 540 न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे 2900 च्या घरात जातो. टॉर्क तिप्पट झाला तर आकडा जवळजवळ पावणेदोनपट होतो. हे जुन्या हॉट-रॉडवाल्यांना वर्गमूळ न काढताही ठाऊक होते. शेव्हरलेची वेगा ही 1970 मध्ये बाजारात आलेली छोटी, काटकसरी गाडी. गंज आणि इंजिनाच्या तक्रारी यांसाठीच ती जास्त लक्षात राहिली. या गरीब गाडीतला सुमारे दहा इंची कन्व्हर्टर काढून ते मोठ्या व्ही-एटच्या मागे बसवत आणि त्यांना स्वस्तात उंच स्टॉल मिळे. वेगाच्या घरी जो शांतपणे मंडईत जाई, तो नव्या घरी टायर जाळू लागे. त्याच्यात काडीचाही बदल झालेला नसे. बदल करायचाच तर व्यासाचा जोर जबरदस्त आहे. डब्याची टॉर्क पेलण्याची ताकद व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते, म्हणून बारा इंचांवरून दहा इंचांवर आले, पाती तशीच ठेवली, तरी ताकद चाळीस टक्क्यांवर येते आणि 1800 चा स्टॉल 2800 च्या पुढे जातो. दोन इंचांत हजार फेरे. मोजपट्टीवरचा इतका महाग फरक गाडीत दुसरीकडे सापडणे कठीण.

बरे, एकाच गाडीत एकाच डब्याचा तरी आकडा एक असावा, तर तेही नाही. ब्रेक दाबून मोजला तर एक येतो, आणि तोही पुरता खरा नव्हे, कारण जोरकस गाडीचे ब्रेक मागच्या टायरांना धरून ठेवायला कमी पडतात आणि इंजिन अडण्याआधी चाके घसरतात. गाडी चालू पडताना अचानक पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तर काटा जिथे उडी मारतो तो दुसरा आकडा, तो जास्त असतो. शर्यतवाले गिअरबॉक्सच आतून अडवून ठेवण्याची सोय करतात, त्याचा तिसरा. मालक यातला कोणता सांगतो हे वेगळे सांगायला नको. मोगल दरबारात पंचहजारी मनसबदार असत; पाच हजार ही दरबारातली इज्जत, पागेत घोडी किती हा वेगळा विषय. तपासणीच्या दिवशी उसनी घोडी उभी करण्याची चाल इतकी बोकाळली की अकबराला घोड्यांवर डाग देण्याची पद्धत आणावी लागली, आणि शाहजहानच्या काळापर्यंत ठरलेल्या आकड्याच्या तिसरा किंवा चौथा हिस्सा घोडी ठेवली तरी चालेल असे मान्य करून टाकावे लागले. व्ही-एटच्या दरबारात अश्वशक्ती आणि स्टॉल हे दोन्ही आकडे याच हिशोबाने चालतात. फक्त डाग देणारा कोणी नेमलेला नाही.

नेमलेला नाही असे म्हणणे थोडे चूक आहे. चांगला कन्व्हर्टर बांधणारा कारागीर ऑर्डर घेण्याआधी प्रश्न विचारतो, आणि ते प्रश्न बरेच आहेत. गाडीचे वजन किती? डिफरन्शियलचे गुणोत्तर किती? मागच्या टायरची उंची? कॅमशाफ्टचे मोजमाप? गिअरबॉक्स कुठला? गाडी रोज चालते की रविवारी? एवढ्या प्रश्नांत गिऱ्हाइकाच्या आवडत्या आकड्याला जागा नसते, कारण तो याच उत्तरांतून निघायचा असतो. उदाहरणार्थ साडेतीनशे घनइंची इंजिनाची 1970 ची शेव्हेल घ्या: माणसासकट सतराशे किलोच्या आसपास वजन, कॅम थोडे मोठे पण सुसह्य, डिफरन्शियल 3.08. या गाडीला दोन-अडीच हजारांच्या दरम्यानचा कन्व्हर्टर शोभतो. साठ मैलांच्या वेगाने हायवेवर जाताना, टायर सव्वीस इंची धरले, तर तिचे इंजिन हिशोबाने 2400 च्या थोडे खाली फिरेल. डिफरन्शियल 3.73 केले तर तेच 2900 वर जाईल, आणि मग थोडा ढिला डबाही तिला चालेल. म्हणजे डबा बदलण्याआधी मागचा ॲक्सल पाहायचा. पण ॲक्सल बदलणे हे चिखल-ग्रीसचे काम आहे आणि त्याच्या आकड्याला मैफलीत तेवढे वजन नाही, म्हणून खर्च डब्यावर होतो आणि दोष कार्ब्युरेटरला मिळतो.

ढिल्या डब्याची शिक्षा उष्णतेतून मिळते. पंप फिरतोय आणि टर्बाइन मागे पडलेय, तेव्हा मधला फरक तेलात जिरतो, आणि तेलात जिरलेली ताकद म्हणजे उष्णता. गाडी ब्रेकवर धरून 2500 आरपीएमला 400 न्यूटन-मीटर ओतत असाल तर शंभरावर किलोवॉट तेलात जातात. आपल्या न्हाणीघरातला गीझर दोन किलोवॉटचा असतो. पन्नास गीझर एका डब्यात. दुरुस्तीची पुस्तके ही चाचणी पाच सेकंदांपेक्षा जास्त करू नका असे बजावतात ते उगीच नव्हे. रोजच्या चालवण्यात एवढे होत नाही, पण थोडे थोडे सतत होते. यावर उपाय म्हणून तेलाचा वेगळा कूलर घेतला जातो. मग गिअरबॉक्सखालचे तेलपात्र मोठे केले जाते. मग तेलाचे तापमान दाखवणारा काटा डॅशबोर्डवर बसतो, आणि इथून पुढे मालकाची नजर रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर 1995 पासून दर ऑगस्टला अशा गाड्यांचा प्रचंड मेळा भरतो. दहा-बारा सेकंदांत पाव मैल कापण्यासाठी बांधलेल्या गाड्या तिथे उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात, माणूस चालतो त्या वेगाने, सिग्नलमागून सिग्नल सरकत असतात. तिथे उभे राहून ऐकले तर कुठली गाडी कोणत्या दिवसासाठी बांधली आहे ते ओळखता येईल. मंगळवारची गाडी गुणगुणत सरकते. शनिवारची प्रत्येक दहा फुटांसाठी ओरडते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: शर्यतीच्या गाड्यांत पाच हजारांचे कन्व्हर्टर असतात, ते काय मूर्ख आहेत? मुळीच नाहीत. त्यांचे सगळे हिशोब एकाच कामासाठी जुळलेले असतात. पाव मैल, म्हणजे 402 मीटर, संपला की त्यांच्या इंजिनाचा दिवस संपतो, आणि पुष्कळ गाड्या घरी जातात त्या ट्रेलरवर चढून. त्यांच्यापैकी अनेकांना आजही 'पॉवरग्लाइड' लागतो, जो 1950 मध्ये शेव्हरलेने कुटुंबवत्सल गिऱ्हाइकांसाठी काढलेला दोनच गिअरचा गिअरबॉक्स आहे. पण शर्यतवाल्याचे पाहून रोजच्या गाडीत दोन गिअर घालायला निघालेला माणूस क्वचित दिसतो. नक्कल नेमकी तेवढीच करायची जेवढी सांगता येते, हा नियम इथे उघडा पडतो. कॅटलॉगात 'स्ट्रीट-स्ट्रिप' असा एक जोडवर्ग असतो: थोडी रस्त्यावर, थोडी शर्यतीच्या पट्टीवर. वर्गाला माझा आक्षेप नाही. मधल्या रेघेच्या कुठल्या बाजूला गाडी किती वेळ घालवते हे मालकाने स्वतःला तरी खरे सांगावे.

दुसरा आक्षेप जास्त जाणत्यांचा. लॉक-अप क्लच असलेला कन्व्हर्टर घेतला तर हायवेवर पंप आणि टर्बाइन एकमेकांना घट्ट चिकटतात, घसर शून्य होते. मग ढिला डबा घ्यायला हरकत काय? हा मुद्दा बऱ्याच अंशी मान्य करावा लागतो. पॅकार्डने 1949 मध्येच अशी सोय दिली होती. जीएमचा 1982 चा चार गिअरचा 700आर4 हा लॉक-अपसह येतो, आणि त्यामुळे जुन्या गाड्यांत तो घालणाऱ्यांचे हायवेवरचे दिवस खरोखरच सुखाचे झाले. पण लॉक-अप लागतो तो वेग घेतल्यावर. सिग्नल ते सिग्नल, पार्किंगचा चढ, मेळ्यातली रांग, इथे तो उपयोगाचा नाही, आणि घसर जास्त असते ती नेमकी इथेच. शिवाय साधा लॉक-अप क्लच पूर्ण ॲक्सिलरेटरच्या टॉर्कसाठी बनवलेला नसतो. हायवेवर शांतपणे मैल काढणे हे त्याचे काम. त्याच्या भरवशावर हजार फेरे वाढवून घेणे म्हणजे त्याच्यावर दुसऱ्याचे काम लादणे.

तिसरी तक्रार उलट बाजूने येते, आणि ती सोडून देणे अन्यायाचे ठरेल. इतका धोका असेल तर कंपनीचाच घट्ट डबा बरा, असे सावध माणूस म्हणतो. नाही. मोठे कॅमशाफ्ट आणि घट्ट कन्व्हर्टर ही जोडी लाल सिग्नलला तमाशा करते. आयडलिंगला इंजिन जेमतेम तग धरून असते, गिअर टाकताच डबा त्याला खाली खेचतो, गाडी ब्रेकवर धडका देते, आणि चालक न्यूट्रल-ड्राइव्ह, न्यूट्रल-ड्राइव्ह असा जप करत उभा राहतो. हिरवा लागल्यावर मागच्या टॅक्सीचा हॉर्न आणि इंजिनाची जाग यांच्यात हॉर्न पहिला येतो. आणि सावध माणसाची एक भीती तर मुळातच खोटी आहे: 'तीन हजारांचा स्टॉल म्हणजे तीन हजारांपर्यंत गाडी हलणारच नाही.' वर्गाचा नियम इथे त्याच्या बाजूने आहे. हलक्या पायाने इंजिन शंभर न्यूटन-मीटरच देत असेल तर 400 ला 2500 वर अडणारा डबा 1250 लाच अडतो, आणि गाडी निमूटपणे निघते. गाडी किती फेऱ्यांवर हलेल हे बरेचसे चालकाच्या उजव्या पायावर आहे. म्हणून रोज चालणाऱ्या गाडीत बेताचा ढिला डबा सुखाने नांदतो. नांदत नाही तो इज्जतीसाठी घेतलेला. (मॅन्युअल गिअरबॉक्स का नाही, असे विचारणारेही आहेत. त्यांनी वुडवर्डच्या रांगेत डाव्या पायाने चार तास क्लच दाबावा, मग आपण बोलू.)

एक आकडा सगळ्या कामांना पुरत नाही हे कारखान्यालाही माहीत होते. 1965 ते 1967 या वर्षांत ब्युइक, ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅकच्या काही गाड्यांत जीएमने स्टेटरची पाती चालत्या गाडीत कोन बदलतील अशी केली होती: एका कोनात डबा घट्ट, दुसऱ्यात ढिला. तो कन्व्हर्टर आज शौकीन शोधून काढतात. बाकीच्यांना एकाच कोनात संसार करायचा आहे, आणि तिथे पैसा कुठे खर्च व्हावा हे पाहण्यासारखे आहे. स्टॉल उंच करणे सोपे आहे. पाती वाकवली की झाले. कठीण आहे ते सुटताना ढिला असलेला डबा वेग आल्यावर घट्ट करणे. त्यासाठी स्टेटर त्या कामापुरता घडवावा लागतो, पाती भट्टीत झाळून पक्की करावी लागतात, डबा दाबाने फुगू नये म्हणून कवच जाड लागते, आत साध्या वॉशरऐवजी बेअरिंग लागतात. स्वस्त डबा आणि महाग डबा दोघांच्या खोक्यावर 3000 हाच आकडा असू शकतो. एक शर्यतीच्या शेवटपर्यंत घसरत राहतो, दुसरा घसरणे थांबवतो, आणि हा फरक कुठल्याही आकड्याच्या स्टिकरवर मावत नाही.

म्हणून जुन्या सुट्या भागांच्या जाहिरातींत कन्व्हर्टर इतके दिसतात. 'फक्त पाचशे मैल चाललेला, 3500 स्टॉल, अर्ध्या किमतीत.' पाचशे मैलांत मालकाचा शनिवार संपून मंगळवार लागलेला असतो. तो डबा घेतो कोणीतरी धाकटा, ज्याच्या इंजिनाचा टॉर्क पहिल्याच्या दोन-तृतीयांश आहे. त्याच्या गाडीत बसल्यावर तोच डबा 2850 च्या आसपास अडू लागतो. वजनाला बरोबर, कॅमला बरोबर, ॲक्सलला बरोबर. कोणी कारागिराने मापे घेऊन दिला असता तर याहून वेगळा दिला नसता. गाडी सिग्नलला शांत उभी राहते, पाय दाबला की झेपावते, काटा गरम होत नाही. मित्र विचारतात, स्टॉल किती? तो सांगतो, साडेतीन हजार.